दिवसाची वीज, रात्रीचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरात वीज म्हणजे ‘लाईट’, आणि लाईटीचे वेळापत्रक घरातल्या पोरासोरांनाही पाठ असते: एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीत थ्री फेज लाईट जेवणवेळ उलटल्यावर येते आणि पहाटे जाते. गव्हाला किंवा उसाला पाणी द्यायचे तर बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जायचे आणि एका सरीतले पाणी दुसरीत वळवत रात्रभर दारे धरायची. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याची धास्ती, इतरत्र साप-विंचवाची. ज्याला हे नको असते तो स्टार्टरला ऑटो स्विच बसवून घरी झोपतो. लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो. पण एकाच डीपीवरचे (रोहित्रावरचे) वीस-पंचवीस पंप एका क्षणी सुरू झाले की डीपीच जळते, आणि नवी येईपर्यंत पीक वाळताना बघत बसावे लागते.

रात्रीच का, याचे उत्तर बरेचसे चंद्रपूर-कोराडीच्या बॉयलरमध्ये आहे. कोळशावरचा संच संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. बॉयलर पुन्हा तापायला तासन्‌तास लागतात, त्यासाठी तेल जाळावे लागते, यंत्राचे आयुष्यही घटते. त्यामुळे शहरे झोपली आणि मागणी उतरली तरी संच कमी भारावर चालू ठेवतात, आणि त्या वेळची वीज कुठे तरी खपवावी लागते. कारखान्यांना रात्रीच्या वापरावर सवलत मिळत आली ती याच कारणाने, आणि शेतपंपांच्या वाट्याला रात्रपाळी आली तीही. कारखानदाराला बिलात सूट मिळाली, शेतकऱ्याला जागरण.

या जागरणाची किंमत कुठल्याही वीज कंपनीच्या ताळेबंदात कधी आली नाही. स्वच्छ ऊर्जेच्या अर्थकारणात शिरायला हे दार बरे आहे, कारण या विषयावरची चर्चा बहुधा दोन टोकांना चालते. एकीकडे वसुंधरा वाचवण्याची हाक, दुसरीकडे ‘हे श्रीमंत देशांचे चोचले, आपल्याला परवडायचे नाहीत’ हा वैताग. दोन्हीकडे वही कोणी उघडत नाही. उघडली तर लक्षात येते की सौर वीज स्वस्त की महाग, या वादाचा निकाल केव्हाच लागला आहे. वाद उरला आहे तो खर्च कोणत्या तासाचा धरायचा, कोणाच्या नावावर टाकायचा आणि किती वर्षांसाठी, एवढ्यावर.

आधी किमतीचे पाहू, कारण ती गोष्ट खरोखरच अचाट आहे. २०१० मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा आधारभूत दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. त्याच वर्षी राष्ट्रीय सौर मोहिमेचा पहिला लिलाव झाला, त्यात बोली लागल्या १० रुपये ९५ पैशांपासून पुढे, आणि ‘एवढ्यात यांना परवडणार कसे’ असे जाणकारही म्हणत होते. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे दर आला २ रुपये ४४ पैसे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत कुठल्याच इंधनाचा भाव असा घसरलेला नाही, आणि घसरणारही नाही, कारण मुळात सौर पॅनेल हे इंधनच नव्हे. तो कारखान्यात बनणारा माल आहे. कोळसा जितका जास्त काढावा तितके खोल जावे लागते; माल जितका जास्त बनवावा तितका हात बसतो. पॅनेलचे जगातले एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, असा गेल्या चार दशकांचा अनुभव आहे.

हा हात बसवण्याचा खर्च कोणी केला, तेही सांगायला हवे. जर्मनीने २००० मध्ये कायदा करून सौर विजेला वीस वर्षे चढ्या दराची हमी दिली. तो बोजा जर्मन घरांच्या वीजबिलात अधिभार म्हणून चढला. मागणीची खात्री दिसताच चीनने प्रचंड कारखाने उभे केले आणि सरकारी बँकांनी त्यांना हात सैल सोडून कर्जे दिली. म्हणजे आज सोलापूर-धाराशिवच्या माळावर जे पॅनेल स्वस्तात बसते, त्याच्या शिक्षणाची फी म्युनिकच्या गृहिणीने आणि चिनी ठेवीदाराने भरलेली आहे. भारताने एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लावले, ते देशी कारखान्यांना उभे राहता यावे म्हणून. धोरण म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण त्या संरक्षणाची किंमत विजेच्या दरातूनच निघते आणि ती भरणाऱ्याला कळत नाही.

वीज इतकी स्वस्त झाली तर बिल का उतरत नाही? हा प्रश्न चहाच्या टपरीपासून विधानभवनापर्यंत सगळीकडे विचारला जातो, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राइतके महागात कोणी शिकलेले नाही.

८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीज खरेदीचा करार केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. १९९५ मध्ये सरकार बदलले, करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. मे १९९९ मध्ये गुहागरजवळचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. करारातली मेख दोन शब्दांत होती: स्थिर आकार. मंडळाने वीज घेतली काय आणि न घेतली काय, प्रकल्प उभारल्याचा खर्च आणि त्यावरचा परतावा दर महिन्याला द्यायचा, तोही डॉलरशी बांधलेला. वर नाफ्त्याचा भाव वेगळा. खनिज तेल भडकले, रुपया घसरला, आणि मंडळाला इतकी वीज लागतच नसल्याने तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला जाऊ लागला. एका टप्प्यावर दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने या कराराची चिरफाड केली, मे अखेरीस प्रकल्प बंद पडला, आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले. समुद्रकाठच्या त्या चिमण्या पुढे कित्येक वर्षे थंड होत्या.

दाभोळचा धडा भ्रष्टाचाराच्या नावाखाली वाचला गेला आणि तिथेच संपला. त्यातला अर्थशास्त्राचा भाग कमी लोकांनी वाचला. विजेच्या प्रत्येक युनिटमध्ये दोन खर्च असतात. एक केंद्र उभारल्याचा, म्हणजे कर्ज, व्याज, परतावा; तो चुकत नाही. दुसरा इंधनाचा, वीज बनवली तरच तो लागतो. कोळशाच्या केंद्राचा करार सहसा पंचवीस वर्षांचा असतो. सौर वीज आली म्हणून दुपारी कोळशाचा संच खाली आणला, तर इंधन वाचते, स्थिर आकार वाचत नाही. २०१६ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राकडे कागदोपत्री गरजेपेक्षा जास्त वीज करारबद्ध होती आणि बंद बसलेल्या संचांचाही स्थिर आकार ग्राहक भरत होते. नवी स्वस्त वीज जुन्या महागड्या करारांच्या डोक्यावर येऊन बसते, त्यांच्या जागी नाही. बिल उतरायला जुने करार संपावे लागतात.

सौर आणि पवन विजेचे उलटे आहे: तिथे इंधन शून्य, सगळा खर्च पहिल्याच दिवशी. वीस-पंचवीस वर्षांचे घरभाडे एकदम मोजून देण्यासारखा हा व्यवहार आहे, आणि एवढी रोकड कोणाकडे नसते म्हणून तो व्याजावर उभा असतो. पाटीवर गणित मांडून पाहावे. एक मेगावॉट सौर प्रकल्पाला ढोबळमानाने चार कोटी रुपये लागतात. आपल्याकडच्या उन्हात तो वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिटे देतो. सगळी रक्कम कर्जाऊ धरली तर व्याजाचा एक टक्का म्हणजे वर्षाला चार लाख, म्हणजेच सुरुवातीला युनिटमागे पंचवीस पैसे. अडीच-तीन रुपयांच्या विजेत पंचवीस पैसे! सूर्य जर्मनीपेक्षा आपल्याकडे कितीतरी जास्त तापतो, पण जर्मनीत कर्ज स्वस्त आहे आणि आपल्याकडे नाही. तिथले कमी ऊन आणि इथले चढे व्याज, दोघांचे बरेचसे फिटते. म्हणून सौर विजेचा खरा भाव आकाशापेक्षा रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणावर आणि सावकाराला वाटणाऱ्या धोक्यावर जास्त ठरतो. वितरण कंपनी पैसे वेळेवर देत नाही अशी ख्याती झाली की बँक व्याज वाढवते, आणि तोच दर फिरून त्याच कंपनीच्या माथी येतो.

पैसा कुठल्या वाटेने येतो यावर माल कसा बनतो हेही ठरते. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात वनकुसवडेच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. देशभर त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण बहुतेक मालकांना वाऱ्याइतकाच रस आयकराच्या एका कलमात होता: पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवता येत असे. नफ्यातल्या कंपनीने मार्चअखेरीच्या आत चक्की उभी केली की त्या वर्षीचा कर वाचला. पुढे ती किती फिरते याची फिकीर कमी. सवलत उभारणीवर होती, विजेवर नव्हती. २००९ मध्ये केंद्राने प्रत्यक्ष बनलेल्या युनिटवर ५० पैसे प्रोत्साहन द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे चक्कीच्या पात्याकडे लक्ष गेले. घसाऱ्याची सवलत पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आली. सरकार ज्याला पैसे देते तेच बाजार बनवतो, हे त्या पठारावर कोरून ठेवल्यासारखे आहे.

आता पुन्हा शेतपंपाकडे येऊ, कारण महाराष्ट्रात या स्थित्यंतराचा सर्वांत मोठा प्रयोग तिथेच चालू आहे. राज्यात पंचेचाळीस लाखांच्या घरात शेतपंपांच्या जोडण्या आहेत. शेतकऱ्याला वीज स्वस्त द्यायची म्हणून कारखाना आणि दुकान यांच्याकडून जास्त दर घ्यायचा, उरलेले अनुदान सरकारने द्यायचे, आणि तरीही थकबाकी हजारो कोटींत वाढत राहायची, असा हा जुना गाडा. जुलै २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपये. मथळे त्याचेच झाले. त्याच्या मागे चाललेला सौर कृषी वाहिनीचा प्रयोग मथळ्यात कमी आला, पण हिशेबाच्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा आहे.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची कल्पना साधी आहे. गावाजवळच्या उपकेंद्राच्या आसपास पाच-दहा किलोमीटरवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीला द्यायची. चंद्रपूरहून तारांवरून येणारी वीज शेतात पोहोचेपर्यंत राज्याच्या वितरण कंपनीला, महावितरणला, आठ रुपयांच्या आसपास पडते. इथे तीच तीन रुपयांच्या आसपास मिळते, शिवाय दिवसा. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. त्यात खासगी जमिनीला एकरी वर्षाला पन्नास हजार रुपये भाडे आणि त्यात दर वर्षी तीन टक्के वाढ ठरली. केंद्राच्या कुसुम योजनेचे अनुदान वेगळे. २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प या आवृत्तीतून सुरू झाला. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला एकरी पन्नास हजार हे सोयाबीन-कापसाच्या कुठल्याही चांगल्या वर्षापेक्षा बरे आहेत, आणि पाऊस पडो न पडो, येणार आहेत.

यात उणे बाजू नाही असे नाही. बऱ्याच प्रकल्पांना सरकारी जमीन लागते, आणि खेड्यात सरकारी जमीन म्हणजे गायरान. गायरानावर ज्याच्या शेळ्या चरतात त्याच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे त्याला भाडेही नाही. दुसरी बाजू पाण्याची. रात्रपाळीची आठ तासांची वीज त्रासाची होती, पण उपशावर तिचा लगाम होता. स्वतंत्र सौरपंप शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्क्यांत मिळतो आणि ऊन फुकट आहे. विहिरीत पाणी असेपर्यंत तो बंद करायचे आर्थिक कारण उरत नाही. जळगावच्या केळीच्या आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षाच्या पट्ट्यात भूजल आधीच खोल गेले आहे, तिथे ऊर्जेचा प्रश्न सुटून पाण्याचा बिकट होऊ शकतो. ठिबकची अट घालणे हा उपाय कागदावर बरा दिसतो. अट पाळली की नाही हे पाहणारा माणूस मात्र कोणत्याच खात्याकडे पुरेसा नाही.

आणि संध्याकाळ? सौर विजेचा सगळा डाव सूर्य मावळताना उघडा पडतो. दुपारी एक वाजता वीज इतकी येते की कोळशाचे संच दाबावे लागतात, आणि सात वाजता घरोघर दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर लागले की तेच संच पळवावे लागतात. दुपारच्या आणि संध्याकाळच्या युनिटची किंमत आता एक राहिलेली नाही, घरगुती बिलात मात्र ती कालपर्यंत एकच होती. वीज नियामक आयोगापुढे २०२५ मध्ये गाजलेल्या दरप्रकरणात हाच मुद्दा होता: रात्रीची जुनी सवलत काढून ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत द्यायची. ज्यांनी त्या सवलतीवर रात्रपाळ्या बसवल्या त्या भट्टीवाल्यांनी आणि सूतगिरण्यांनी ओरड केली. त्यांचे चूक नव्हते. पंचवीस-तीस वर्षे ज्या संकेताने कारखाने चालले तो एका आदेशाने उलटला, तर कामगारांच्या पाळ्यांपासून बसच्या फेऱ्यांपर्यंत सगळे बदलावे लागते. तरीही संकेत उलटणार हे नक्की, कारण रात्रीची वीज आता उरलेली वीज नाही.

दुपार साठवून संध्याकाळी वापरायची तर सह्याद्री मदतीला येतो. नगर-ठाण्याच्या सीमेवर घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे: वीज मुबलक असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे, वीज महाग असताना खाली सोडायचे. चार युनिटे खर्चून तीन हाती येतात. एकेकाळी हा प्रयोग अभियंत्यांची हौस वाटे. आता घाटमाथ्यावर असे अनेक प्रकल्प आखले जात आहेत, त्यात टाटांचे भिवपुरी आणि शिरवटा हे दोन मिळून २,८०० मेगावॉटचे आहेत. बॅटरीही झपाट्याने स्वस्त होत आहे. साठवणुकीचे पैसे धरूनच सौर विजेचा भाव सांगायला हवा. दुपारचा अडीच रुपयांचा आकडा मिरवणे म्हणजे निम्मा हिशेब.

कोळशाचा भाव सांगतानाही हीच शिस्त लावली पाहिजे. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे. पूर्ण क्षमतेने चालले तर त्याला दिवसाला चाळीस-पंचेचाळीस हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीचे दहा-बारा रेक. आपल्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा राख. दिवसाला दहा-पंधरा हजार टन राख! थोडी शेजारच्या सिमेंट कारखान्यांत जाते, थोडी विटांत, उरलेली तळ्यांत. पाणी इरई धरणाचे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा ८३.८८ गुण घेऊन चंद्रपूर सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांमध्ये चौथे आले. परळीला तर फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी अख्खे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, पैसे होते, मराठवाड्यात पाणी नव्हते. दम्याच्या औषधाचा खर्च, राखेने पांढरी पडलेली पऱ्हाटी, टँकर, यातले काहीही युनिटच्या दरात धरलेले नसते.

धरायचे ठरवले तर धरता येते, हे डहाणूने दाखवले. चिकूच्या वाड्यांमध्ये ५०० मेगावॉटचे केंद्र येणार म्हटल्यावर तिथल्या लोकांनी न्यायालयात चिवट लढा दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बनले, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले, आणि प्राधिकरणाने लावून धरल्यामुळे २००७ मध्ये धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसली. केंद्र त्यामुळे बुडाले नाही. देशभरातल्या केंद्रांना असा नियम लागू झाला डिसेंबर २०१५ मध्ये, दोन वर्षांच्या मुदतीने. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. सरकारचे म्हणणे असे की भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि यंत्रणेमुळे युनिटमागे पंचवीस-तीस पैसे वाढतील. पैसे वाढलेच असते. आता ते पैसे वीजबिलाऐवजी दवाखान्याच्या बिलात जातील, आणि तिथे ते कोळशाच्या नावे लिहिलेले नसतील.

कर लावून हा हिशेब जुळवायचा प्रयत्नही झाला. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर आला, स्वच्छ ऊर्जेसाठी. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांची करभरपाई करण्याकडे वळला. सूर्यासाठी गोळा केलेले पैसे शेवटी खजिन्याच्या खड्ड्यात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला. आता हलक्या, राखेच्या कोळशावर कर कमी आणि चांगल्या कोळशावर जास्त पडतो, कारण कर किमतीवर आहे, वजनावर नाही.

कोळशाला शिव्या देणे सोपे आहे, पण कोळसा फक्त खर्च करवत नाही, कमावूनही देतो, आणि या विषयातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. कोळशावर राज्याला १४ टक्के स्वामित्वधन मिळते. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणींच्या जिल्ह्यात त्याशिवाय, स्वामित्वधनाच्या प्रमाणात, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमतो. चंद्रपूरमध्ये शाळेच्या खोल्यांपासून रुग्णवाहिकांपर्यंत कितीतरी गोष्टी त्या निधीकडे पाहून ठरतात. रेल्वेच्या एकूण मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा वाटा कोळशाचा आहे, आणि मालवाहतुकीच्या नफ्यावरच प्रवासी भाडे कमी ठेवले जाते. शेगावला किंवा पंढरपूरला जाणाऱ्या साध्या डब्यातल्या तिकिटात कोळशाच्या वाघिणीचे काही पैसे असतातच.

माणसांचेही तसेच. घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर ही गावे खाणीच्या भोंग्यावर वाढली. जमीन गेलेल्याच्या घरात एक वेकोलिची (वेस्टर्न कोलफील्ड्सची) नोकरी, त्या पगारावर दोन भावांची लग्ने, चौकात टायरचे दुकान, खानावळ, शिकवणी. सौर प्रकल्प उभा राहताना वर्षभर हाताला काम देतो. नंतर काच धुणारे, गवत कापणारे आणि पहारा देणारे एवढेच लागतात, तेही कंत्राटी. शिवाय नवे प्रकल्प होतात सोलापूर-धाराशिवला, राजस्थानात, कच्छमध्ये. खाण बंद होईल चंद्रपुरात आणि भाडे सुरू होईल वैजापुरात. दोन्ही ठिकाणचे आकडे एकत्र करून राज्याला फायदा दिसेलही, पण सास्तीच्या टायरवाल्याला एकत्रित आकड्यात राहता येत नाही. दगडी कोळशाच्या शेवटच्या खाणी बंद करताना जर्मनीने कामगारांना निवृत्तीपर्यंत पोहोचवायला वर्षानुवर्षे पैसे ओतले. विदर्भातली बरीचशी कोळशाची कामे आता कंत्राटदाराकडून होतात; त्या कामगाराची तर खाणीच्या हजेरीपटावर नोंदही नसते.

स्वच्छ म्हणून कोणतीही वीज आपोआप न्याय्य होत नाही, हे मराठी माणसाला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. मुंबईच्या गिरण्यांना दूरवरून येणारा महाग कोळसा नको होता, म्हणून टाटांनी सह्याद्रीचे पाणी अडवले. १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले. धूर नाही, राख नाही. पुढे मुळशीला धरण ठरले तेव्हा मावळ्यांच्या भाताच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच शहाण्यासुरत्यांना तेव्हा वाटत होते की मोठ्या उद्योगासाठी एवढे सोसावे. धरण झाले. त्या वादातले युक्तिवाद आज जसेच्या तसे गायरानांच्या ग्रामसभांत ऐकू येतात, फक्त टर्बाइनच्या जागी पॅनेल आले आहे.

देशपातळीवरचे आकडे दोन्ही बाजूंना खूश करणारे आहेत. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजक्षमतेत कोळसा-तेल-वायूखेरीजच्या स्रोतांचा वाटा ५० टक्के झाला, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. त्याआधी काही महिने देशाच्या कोळसा उत्पादनाने वर्षाला १०० कोटी टनांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. प्रत्यक्ष बनणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांहून जास्त अजून कोळशाचीच आहे, कारण सौर केंद्राचा एक मेगावॉट आणि कोळशाचा एक मेगावॉट वर्षाला सारखी वीज देत नाहीत. क्षमतेचा आकडा भाषणात येतो, युनिटांचा आकडा कोळशाच्या वाघिणीत.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२४ मध्ये एकाच निविदेत ६,६०० मेगावॉटचा व्यवहार ठरवला: ५,००० सौर, १,६०० औष्णिक, पंचवीस वर्षांसाठी, सरासरी दर ४ रुपये ८ पैसे. सौर भागाचा दर २ रुपये ७० पैसे, तो शेवटपर्यंत तोच. औष्णिक भागाचा दर कोळशाच्या भावाबरोबर हलणार. कोराडीला २०१५ ते २०१७ या काळात आलेले ६६० मेगावॉटचे तीन संच अजून तरुण आहेत, आणि नागपूरकरांचा विरोध असतानाही तिथेच आणखी दोन उभारायचे ठरले आहे. त्यांचे कर्ज आणि करार २०५० च्या पुढे जातील. तोवर बॅटरीचा भाव कुठे असेल हे आज कोणी सांगू शकत नाही, पण स्थिर आकार किती असेल हे करारावर सही होईल त्याच दिवशी ठरलेले असेल, आणि अशा करारांच्या सुनावण्या नियामक आयोगाच्या दालनात, बहुतेक वेळा अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे, होत असतात.